नगरपरिषदेचं नवं यार्ड : नदीकाठी की सड्यावर?

कनिष्ठ अभियंता, कोकण
नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेचा जेसीबी, टिपर, पाण्याचे टँकर आज जागा मिळेल तिथे उभे असतात. पाइप शाळेमागे, सिमेंट जुन्या कार्यालयाच्या पडवीत. आता बांधकाम विभागाचं सगळं एका आवारात न्यायचं ठरलंय. दोन जागा आहेत. एक नदीकाठी, सपाट, दीड एकर, बाजाराला लागून. दुसरी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जेमतेम एक एकर, गावापासून तीन किलोमीटर. वरिष्ठांचा कल नदीकाठाकडे आहे, "भराव घालू" म्हणतात. माझं मन तयार होत नाही. आराखडा मलाच करायचाय. काय काय धरू?

वाहन विभाग, निवृत्त
नदीकाठ सोडा. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल रेषा बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. यार्ड लाल रेषेच्याही वर हवं, कारण पुराच्या रात्री गावाला हीच यंत्रं लागतात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा मी दुसऱ्या एका गावी नोकरीत होतो. आमचंही यार्ड नदीलगत. जेसीबीच्या सीटवर चिखल बसला होता, डिझेलच्या पिंपांत पाणी. पूर ओसरला आणि रस्त्यावरचा गाळ उपसायला आम्हीच बाहेरच्या गाड्यांची वाट बघत बसलो. भरावाने तुमचं आवार वर येईल, पण पोचरस्ता बुडलेलाच राहणार आणि अडलेलं पाणी शेजारच्या वाडीत शिरणार.

सड्यावर मुख्य काम पाण्याचं. कातळात पाणी फारसं मुरत नाही. एका एकरावर १०० मि.मी. पाऊस म्हणजे चार लाख लिटर, आणि कोकणात तेवढा पाऊस एका दिवसात सहज पडतो. म्हणून आधी गटारं आखा, मग शेड. गाड्या धुण्याचा रॅम्प वेगळा ठेवा. त्याचं पाणी तेल अडवणाऱ्या टाकीतून गेल्याशिवाय पऱ्यात (ओढ्यात) सोडू नका, खाली लोकांच्या विहिरी आहेत. गाड्या एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. टिपर मागे घ्यायची वेळ जितकी कमी, तितकी माणसं सुरक्षित.

सिमेंट जमिनीपासून १५-२० सें.मी. उंच फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून, दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी नको. डिझेल २५०० लिटरच्या आत आणि एका टाकीत १००० लिटरच्या आत ठेवलंत तर परवाना लागत नाही. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर मात्र डिझेलपासून दूर, कोरड्या खोलीत. पूर ओसरला की विहिरींसाठी ती पहिल्यांदा लागते.

मुकादम ताई
साहेब, गाड्यांचं झालं, माणसांचंही धरा. आमची हजेरी पहाटे असते. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. गटाराचं काम करून त्याच ओल्या साडीत घरी जावं लागतं. बायकांसाठी वेगळी न्हाणी, संडास, कुलपाचं कपाट नकाशात आत्ताच दाखवा. नंतर "जागा उरली नाही" असं ऐकावं लागतं. गमबूट-रेनकोट वाळवायला वारा खेळणारी लांब पडवी ठेवा, पावसात भिजलेला बूट चार-चार दिवस वाळत नाही. आणि तीन किलोमीटर चढ पहाटेच्या अंधारात बायका कशा चढणार?

कनिष्ठ अभियंता, कोकण
ताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं. मग असं करतो : यंत्रं, वर्कशॉप, भांडार सड्यावर; हजेरी शेड, न्हाणी आणि हातगाड्या गावात, जुन्या कार्यालयाच्या जागेवर. ती जागा उंचावर आहे. सर, पण रात्री झाड पडलं तर वरून गाडी यायला वेळ लागेल ना?

वाहन विभाग, निवृत्त
लागेल. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक जेसीबी, झाडं कापायची करवत आणि पाणी उपसायचा पंप गावात, हजेरी शेडलाच ठेवायचा. चालकाची झोपायची खोलीही तिथेच काढा. सड्याचा कंटूर सर्व्हे (जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजणी) लगेच करून घ्या, पण नकाशा पक्का करण्याआधी एका जोराच्या पावसात स्वतः तिथे जाऊन उभे राहा. पाणी कुठून वाहतं त्या जागी खुंट्या ठोका. तेवढी वाट मोकळी सोडूनच शेडचे खांब आखा.

मुकादम ताई
शेड बांधाल तेव्हा कळवा, आम्ही बायका नकाशा बघायला येऊ.