मदत हवी आहे: सहाच्या पाळीच्या डब्यातली मटकी आंबते

सकाळी सहाच्या पाळीचा डबा. पहिलं खाणं साडेनऊला, जेवण एकला, मध्ये फ्रिज नाही.

साडेनऊचं बरंचसं जमलंय. नुसते पोहे दिले की अकरालाच भूक आणि जांभया, कारण प्रथिनं नावालाच. आता माणशी मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे घातले जातात. त्यातून साधारण 7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर लिंबू. चहा मात्र तासाभराने, नाहीतर त्यातल्या टॅनिनमुळे लोह नीट अंगी लागत नाही.

घोडं अडलंय जेवणाशी. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मोडाच्या मटकीची उसळ, काकडी. मटकी आठ तास भिजवून, निथळून फडक्यात बांधलेली. उसळ पहाटे साडेचारला. तरी उन्हाळ्यात एकला झाकण काढलं की वर फेस, चमच्याला तार आणि आंबूस वास. ओलं खोबरं बंद केलं. गरम भरली की झाकणाला वाफ धरून पाणी आत ठिबकतं, म्हणून ताटात पसरून निववूनच भरतात. फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढलेलं असतं. तरीही आठवड्यातून दोनदा टाकावी लागते, आणि मग माणूस संध्याकाळपर्यंत बिस्किटांवर.

मोड बोटाच्या पेरापेक्षा लांब झाले की जास्त आंबते का? फोडणीआधी कुकरला एक शिट्टी द्यावी की कढईतच पूर्ण कोरडी करावी? आमसुलाने खरंच फरक पडतो का, आणि पाव किलो मटकीला किती घालायची? उसळीऐवजी कोरडा झुणका रोज चालेल, पण पोट जड होऊन झोप येते. रोज डबा भरणाऱ्यांनी कृपया नेमकं प्रमाण सांगावं.