अनुभव धागा: कॅलिफोर्नियात स्कूल बोर्डाला उभं राहायचंय?

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रमोन भागातले मराठी पालक स्कूल बोर्डाबद्दल (स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या शाळांचा कारभार पाहणारं, निवडून आलेलं मंडळ) विचारत असतात. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत बऱ्याच डिस्ट्रिक्टांत जागा निघतील, म्हणून हा धागा. ज्यांनी उमेदवारी, खजिनदारी किंवा प्रचार केलाय त्यांनी नेमकं लिहा: कुठला फॉर्म, किती मुदत, कुठे अडतं. प्रेरणा कशी मिळाली ते गणपतीच्या कार्यक्रमात ऐकू.

कागदवाला

अर्ज मतदानाच्या ११३ दिवस आधीपासून ८८ दिवस आधीपर्यंत घेतात, म्हणजे यावेळी १३ जुलै ते ७ ऑगस्ट. विद्यमान सदस्याने अर्ज भरलाच नाही तर इतरांसाठी मुदत १२ ऑगस्टपर्यंत वाढते. त्यामुळे ७ तारखेच्या संध्याकाळी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या उमेदवार यादीवर नजर हवीच. जागांपेक्षा अर्ज जास्त नसतील तर सहसा त्या जागेचं मतदानच होत नाही, अर्ज भरणारा तसाच बोर्डावर जातो.

वय १८ पूर्ण, नागरिकत्व, डिस्ट्रिक्टमध्ये घर आणि मतदार नोंदणी एवढीच पात्रता. ग्रीन कार्डवर उभं राहता येत नाही. डिस्ट्रिक्टचे ट्रस्टी एरिया (एकेक सदस्य निवडण्यासाठीचे विभाग) पाडलेले असतील तर घर त्याच एरियात लागतं. इथे लोक हमखास घोळ घालतात, कारण मुलं ज्या शाळेत जातात तिची हद्द आणि ट्रस्टी एरियाची हद्द यांचा काही संबंध नसतो. काउंटीच्या मतदार कार्यालयाकडून पत्ता तपासून घ्या. सहसा सह्या गोळा कराव्या लागत नाहीत, अर्जाची फीही नाही. लॉस एंजेलिस युनिफाइडचं गणित मात्र वेगळं आहे, तिकडच्यांनी हे गृहीत धरू नये.

मतपत्रिकेवर नावाखाली व्यवसाय लिहायला जेमतेम तीन शब्द मिळतात. तो खरोखर तुमचा मुख्य व्यवसाय लागतो. 'अनुभवी', 'नामवंत' असलं विशेषण घातलंत तर परत येतं. सोबतच्या वर्कशीटवर पुरावा जोडा, नाहीतर हरकत आली की धावपळ होते.

दोनशे शब्द

कागदवाल्यांनी उमेदवाराच्या निवेदनाचं लिहिलं नाही, आणि खरा खर्च तिथेच आहे. मतदार पुस्तिकेत साधारण २०० शब्द छापून मिळतात, काही डिस्ट्रिक्ट ४०० देतात. छपाईचा खर्च बहुतेक ठिकाणी उमेदवाराच्या माथी असतो आणि अंदाजे रक्कम अर्जासोबतच भरून घेतात. मतदारसंख्या आणि काउंटीनुसार ती खूप बदलते, तेव्हा घरखर्चात आधीच धरा. निवेदन अर्जाबरोबरच द्यायचं. दिल्यावर मागे घेता येतं, बदलता येत नाही. त्यात पक्षाचं नाव चालत नाही, प्रतिस्पर्ध्याचा उल्लेखही नाही.

माझं मत: पैसे कमी असतील तर पाट्या कमी लावा, पण निवेदन सोडू नका. बोर्डाच्या उमेदवारांबद्दल बहुतेक मतदार तेवढंच वाचतात.

खजिनदार

पैशाचा क्रम चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही दंडाची नोटीस येते. आधी फॉर्म ५०१ (उभं राहण्याचा इरादा कळवणारा) भरायचा, मगच पैसे मागायचे किंवा घ्यायचे. स्वतःच्या खिशातले खर्चायचे असले तरी आधी ५०१. जमा किंवा खर्च २,००० डॉलरला पोचला की १० दिवसांत फॉर्म ४१० (प्रचार समितीची नोंदणी), समितीचं वेगळं बँक खातं आणि पुढे ठरल्या तारखांना फॉर्म ४६० (जमाखर्चाचा अहवाल). निवेदनासाठी स्वतः भरलेली रक्कम त्या २,००० मध्ये धरत नाहीत. त्याखालीच राहायचं असेल तर नुसता छोटा फॉर्म ४७० पुरतो. पहिल्यांदा लढणाऱ्याने शक्यतो तसंच राहावं, निम्मा ताप वाचतो.

१०० डॉलर किंवा जास्त रोख घ्यायचे नाहीत. तेवढी देणगी देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे हे सगळं लागतं, आणि ६० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पैसे परत. फोनवरून आलेल्या पैशांत नुसतं नाव दिसतं, म्हणून देणगीच्या लिंकवर हे रकाने सक्तीचे ठेवा. शेवटच्या ९० दिवसांत एकाच देणगीदाराकडून १,००० किंवा जास्त आले तर २४ तासांत फॉर्म ४९७ भरून ते कळवायचं.

आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचं: ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात. एच-वन, एच-फोर, विद्यार्थी व्हिसावाल्यांची देणगी घ्यायची नाही, स्थानिक निवडणूक असली तरी. भारतातल्या काकांनी प्रेमाने पाठवलेले पैसेही परत. व्हिसावाल्यांनी बिनपगारी पाट्या लावल्या, फोन केले तर चालतं.

मंडळातली

बहुतेक महाराष्ट्र मंडळं अमेरिकी करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली करमुक्त असतात. त्यांना उमेदवाराचा पुरस्कार करता येत नाही. गणेशोत्सवाच्या स्टेजवर एकाला माइक दिला, मंडळाच्या ईमेल यादीवरून आवाहन गेलं, तर अडचण मंडळाला येते. सगळ्या उमेदवारांना सारख्या वेळेचं निमंत्रण देऊन प्रश्नोत्तरं ठेवता येतात. अध्यक्षांना घरच्या अंगणात स्वतःच्या नावाने चहापान ठेवायला कोणी अडवत नाही, फक्त मंडळाचं लेटरहेड नको.

दारोदार

राज्यातल्या सगळ्या सक्रिय मतदारांना मतपत्रिका टपालाने येते आणि ती मतदानाच्या २९ दिवस आधीपासून निघते, म्हणजे ५ ऑक्टोबरपासून. ऑक्टोबरच्या शेवटी पत्रकं वाटायची ठरवलीत तर बऱ्याच जणांचं मत पडून गेलेलं असेल. पहिलं पत्रक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरात हवं. काउंटीकडून मतदार यादी घ्या, गेल्या निवडणुकांत कोणी मत दिलं ते त्यात कळतं. नेमाने मत देणाऱ्यांची दारं आधी. एकसारखी २०० हून जास्त पत्रकं टपालाने जाणार असतील तर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता नियमाप्रमाणे छापावाच लागतो, छापखान्यात देण्याआधी तपासा.

दारात लोक गणिताचे वर्ग, शाळा बंद होणार का, अमुक शिक्षिका बदला असं विचारतात. एकटा सदस्य काहीच बदलू शकत नाही. बोर्ड सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमतं, बजेट आणि धोरण मंजूर करतं, तेही बहुमताने. शिक्षिका बदलण्याचं वचन देऊ नका.

जर्सीकर

न्यू जर्सीत यातलं बरंच उलटं आहे: सदस्यत्व तीन वर्षांचं, डिस्ट्रिक्टमध्ये आधीचं एक वर्ष वास्तव्य लागतं आणि अर्जावर मतदारांच्या सह्याही. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी जुलैचा शेवटचा सोमवार, दुपारी ४ पर्यंत. २०२६ मध्ये तो २७ जुलै. किमान आकड्यावर थांबू नका, बाद होणाऱ्या सह्या धरून जास्तीच्या घ्या.

कागदवाला

निवडून आलात तर एक राहिलं. कॅलिफोर्नियाचा ब्राउन कायदा (बोर्डाची चर्चा उघड बैठकीतच व्हावी असं सांगणारा) शपथ घेण्याआधीच लागू होतो. बहुसंख्य सदस्यांनी व्हॉट्सअॅपवर बोर्डाच्या विषयावर बोलायचं नाही, एकाकडून दुसऱ्याकडे निरोप फिरवणंही त्यातच येतं. सहकारी सदस्याने फेसबुकवर बोर्डाच्या कामाबद्दल लिहिलं तर त्याखाली अंगठासुद्धा दाखवायचा नाही. जुन्या पालक ग्रुपमध्ये दुसरे सदस्य असतील तर निकाल लागला की बाहेर पडा.