सोलापुरात कधी फक्त खेळावर बोलणारं रेडिओ स्टेशन होतं का?

पार्कचौकवाला

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून इथं टाकतोय. अमेरिका-इंग्लंडकडं चोवीस तास फक्त खेळावर बोलणारी रेडिओ स्टेशनं असतात, गाणी नाहीत, नुसत्या मॅचा, त्यावरची चर्चा आणि लोकांचे फोन. तसं काही आपल्या सोलापुरात कधी होतं का? नसेल तर का नाही झालं? आपल्याकडं खेळाचं वेड काय कमी आहे का, क्रिकेटर पॉली उम्रीगर इथं जन्मले, किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातली, आर्शिन कुलकर्णी इथलाच, आणि २०२४ च्या जानेवारीत पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी मॅच झाली तेव्हा कामंधामं सोडून लोक बघायला आलेले. मला जुन्या लोकांच्या खेळाच्या आणि रेडिओच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्यात, त्यासाठी आधी इतिहास नीट कळला पाहिजे. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा, एका ओळीत उत्तर नको.

भोंगा_पहिली_पाळी

स्वतंत्र स्टेशन नव्हतं, सोलापुरात काय, पुण्या-मुंबईतही नव्हतं. पण म्हणून खेळाचा रेडिओ नव्हता असं कुणी म्हणू नये. आमच्या पिढीनं खेळ कानानंच बघितला.

सुरुवातीपासून सांगतो. भारतात रेडिओवर क्रिकेटचं धावतं समालोचन सुरू झालं १९३४ साली मुंबईत, बॉबी तल्यारखान यांनी केलेलं, तेव्हा ऑल इंडिया रेडिओ हे नावसुद्धा नव्हतं, ते आलं १९३६ ला. तल्यारखान दिवसभर एकटे बोलायचे, जेवण आणि चहा एवढीच काय ती विश्रांती, आणि पुढं माइक दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी समालोचनच सोडलं. ते इंग्रजीत होतं, आमच्या आधीच्या पिढीचं. आमच्यापर्यंत क्रिकेट मराठीत आणलं ते बाळ ज. पंडितांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले त्यामुळं बॉल का वळला, फिल्डर तिथंच का उभा केला हे ते खेळाडूच्या नजरेनं सांगायचे, आणि आमच्यासारख्या सातवी शिकून कापड मिलमध्ये लागलेल्या माणसाला ते सगळं कळायचं. हिंदीत सुशील दोशी, रवी चतुर्वेदी, जसदेव सिंग. १९७५ ला क्वालालंपूरला हॉकी वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये आपण पाकिस्तानला २-१ नं हरवलं ती मॅच मी जसदेव सिंगांच्याच आवाजात ऐकली. त्यांचा आवाज चढायला लागला की बॉल सर्कलमध्ये गेला हे शब्द कळायच्या आधी कळायचं.

आता मिलमध्ये कसं ऐकायचो ते ऐका, तुमच्या रेकॉर्डिंगला उपयोगी पडेल. साचे, म्हणजे कापडाचे माग, चालू असताना शेजारी उभ्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही तिथं रेडिओ काय ऐकू येणार, शिवाय आत आणायला परवानगी नव्हती. तर गेटबाहेरच्या कँटीनवाल्याकडं ट्रान्झिस्टर असायचा, आणि त्याचा पोऱ्या दर थोड्या वेळानं चहाच्या किटलीबरोबर स्कोअर घेऊन आत यायचा. किटलीच्या बुडाला खडूनं लिहिलेला असायचा, आधी रन मग विकेट. एकानं बघितला की तो पुढच्याला हातानं खुणा करणार, बोटं वर म्हणजे विकेट, मूठ म्हणजे पन्नास, असा स्कोअर साचे खात्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा आणि एकही साचा बंद पडायचा नाही. सुपरवायझरला सगळं माहीत असायचं, तोही किटली बघायचाच.

८३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल मात्र घरी ऐकली. टीव्ही गल्लीत कुणाकडंच नव्हता. आपण १८३ ला ऑलआउट झालो तेव्हा निम्मी गल्ली झोपायला गेली, आणि रिचर्ड्स आउट झाल्यावर त्यांना दारं वाजवून उठवलं. ४३ रननी जिंकलो. तुमच्याकडं रेकॉर्डिंगचं काही ठरलं तर मला मेसेज करा, जुन्या मिलमधले अजून चौघं-पाचजण आहेत ज्यांना हे सगळं तोंडपाठ आहे, पण लवकर करा.

स्टुडिओ_बंद_आहे

काकांनी आकाशवाणीचं सांगितलं, मी पुढचं सांगतो, मी काही वर्षं एका खासगी एफएममध्ये होतो त्यामुळं नियम चांगले माहिती आहेत.

गंमत बघा, आपल्याकडं खासगी रेडिओचा रस्ताच क्रिकेटमुळं मोकळा झाला. १९९३ च्या हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात भांडण लागलं, ते सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला कोर्टानं निकाल दिला की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्यानंतर धोरण आलं आणि २००१ ला बंगळुरात पहिलं खासगी एफएम सुरू झालं. २००५ च्या खासगी एफएम लायसनच्या दुसऱ्या टप्प्यात सोलापूरसारख्या शहरांचा नंबर लागला.

पण त्या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात एकच चॅनल घेता यायचं, आणि बातम्या नि चालू घडामोडींना बंदी. आता लायसन फी भरून एकच चॅनल मिळालंय तर कुठला मालक ते नुसतं खेळाला देईल? तो गाणीच वाजवणार, कारण सराफ, साड्यांची दुकानं, क्लासेस यांच्या जाहिराती गाण्यांवर येतात. खेळाच्या स्टेशनला माणसं जास्त लागतात, रिपोर्टर लागतो, खेळातलं कळणारा अँकर लागतो, आणि मॅच नसलेल्या दिवशीही चार तास बोलता आलं पाहिजे. मोठ्या मॅचेसचं लाइव्ह तर खासगी एफएमला करताच येत नव्हतं.

आता महत्त्वाचा मुद्दा, जो फार कमी लोकांना माहिती आहे. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की क्रीडा स्पर्धांची माहिती देता येईल, थेट प्रक्षेपण नाही, मात्र स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांचं थेट समालोचन करायला हरकत नाही. म्हणजे पार्कवरची जिल्हा लीग, शाळांचे सामने, तालुक्यातली कबड्डी, हे कुठलंही एफएम लाइव्ह करू शकतं. दार उघडं आहे पण आत कुणी जात नाही. मी आमच्या मीटिंगमध्ये हे दोनदा मांडलं, उत्तर आलं की स्पॉन्सर आण. स्पॉन्सर म्हणतो आधी कार्यक्रम ऐकव. मला मनापासून वाटतं की एका स्टेशननं एक सीझन जरी धीर धरून केलं असतं तर लोक जोडले गेले असते, कारण ज्याचा पोरगा खेळतोय तो बाप रेडिओ लावणारच की.

राष्ट्रीय मॅचेसबद्दल एवढंच, २००७ च्या कायद्यानं महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं, रेडिओला जाहिरातीच्या उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी. तरी मधे बरीच वर्षं रेडिओ समालोचन विस्कळीत झालेलं, मग सप्टेंबर २०१९ मध्ये बीसीसीआय आणि आकाशवाणीचा दोन वर्षांचा करार झाला तेव्हा परत नियमित ऐकू यायला लागलं.

जर्सीतला_सोलापूरकर

मी अशोक चौकातला, सध्या न्यू जर्सीत. इथं गाडीत रोज असलं स्टेशन ऐकतो म्हणून लिहितोय. डब्ल्यूएफएएन, न्यूयॉर्कचं, १ जुलै १९८७ ला सुरू झालं, चोवीस तास खेळ हा प्रकार तिथूनच रुळला. आधी त्या जागी कंट्री गाण्यांचं स्टेशन होतं. सुरुवातीला लोकांना वाटलं हे चालणार नाही, तोटाही झाला, पण मेट्सच्या बेसबॉल मॅचेस त्यांच्याकडं होत्या आणि पुढं दुपारचा दोघा अँकरचा वाद घालायचा कार्यक्रम एवढा गाजला की सगळ्या देशात तशी स्टेशनं निघाली. इंग्लंडमध्ये टॉकस्पोर्ट २००० ला आलं.

पण हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की तिथं समालोचन हा भाग कमीच असतो. खरी मजा फोनची. रात्री टीम हरते आणि सकाळी प्लंबर, टॅक्सीवाला, शाळेतला मास्तर, सगळे फोन करून कोचवर तुटून पडतात, आणि अँकर त्यांना आकडे देऊन उत्तर देतो, चुकीचं बोलले तर तिथंच अडवतो. हे का चालतं, तर त्यांच्या शहराची स्वतःची टीम आहे आणि ती वर्षातले कितीतरी दिवस खेळते. आपली गोची तिथं आहे. आपण प्रेम करतो भारताच्या टीमवर, आणि भारताच्या टीमवर बोलायला सोलापूरचं स्टेशन कशाला पाहिजे, ते दिल्ली-मुंबईतनं होतंच. सोलापूरचं स्टेशन तेव्हाच चालेल जेव्हा सोलापूरच्या टीमवर भांडायला लोक असतील. स्टुडिओदादा, तुम्ही म्हणताय ती पालकांची गोष्ट बरोबर आहे, पण पालक पोराची मॅच ऐकतील, दुसऱ्या दिवशी फोन करणार नाहीत. फोन करायला बिनकामाचा शौकीन लागतो, आणि असे शौकीन आपल्याकडं नवी पेठेत प्रत्येक चहाच्या गाड्यावर उभे आहेत, त्यांना फक्त आपली म्हणावी अशी टीम द्या.

मधली_पाटी

सगळं वाचलं, छान माहिती मिळाली, पण एक सांगू का, तुम्ही सगळे फिरून फिरून क्रिकेटवरच येताय. मी खोखो खेळले आणि आता मुलींना शिकवते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला वर्ल्ड कप झाला, मुलं आणि मुली दोन्हीत भारत जिंकला, मुलींची फायनल नेपाळविरुद्ध ७८-४०, कॅप्टन प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. त्या दिवशी मी सकाळपासून शहरातली एफएम लावून बसले होते की कुणीतरी दोन मिनिटं बोलेल, संध्याकाळपर्यंत मी ऐकलं त्यात कुणी एक शब्द काढला नाही. माझ्या मुलींनी मला विचारलं, मॅडम हे रेडिओवर का नाही सांगत? काय उत्तर देणार.

आणि खोखो रेडिओला शोभत नाही असं कुणी म्हणू नका. ऐका कसं होतं ते: "तुकडी दुसरी, तिघी आत, तीन मिनिटं वीस सेकंद झाली. साखळी चालू आहे, आत-बाहेर, आत-बाहेर, आता खांबाकडं वळली, खो! उजवीकडून उठली, हात लागतोय का, नाही, वाकून सुटली, परत खो, सूर मारला आणि... बाद!" नऊ मिनिटांचा डाव, एक क्षण मोकळा नाही. क्रिकेटमध्ये दोन बॉलच्या मधे समालोचकाला काहीतरी भरावं लागतं, इथं श्वास घ्यायला वेळ नाही. बोलणारी माणसंही आपल्याकडं आहेत. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात लाउडस्पीकरवर निवेदक उभा असतो तो काय कमी आहे का, पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या वर्षी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, सगळं एका दमात सांगतो आणि हलगीच्या वर त्याचा आवाज ऐकू येतो. त्याला स्टुडिओत बसवा, मग बघा. जर्सीच्या दादांना म्हणावं, गावाची टीम पाहिजे ना, तालुक्या-तालुक्याच्या तालमी आहेत की, त्यावर लोक आजही पारावर भांडतात.

पार्कचौकवाला

ताई, खरं आहे तुमचं. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका तुम्हाला मेसेज केलाय. स्टुडिओदादा, एकच विचारतो, एफएमवाले करत नसतील आणि आपणच मोबाइलवरून इंटरनेटवर एखाद्या स्थानिक स्पर्धेचं मराठी समालोचन सुरू केलं तर कायद्याचा काही त्रास होईल का? आणि सामान काय लागेल?

स्टुडिओ_बंद_आहे

इंटरनेटवरच्या आवाजाला एफएमसारखं लायसन लागत नाही, कारण तुम्ही फ्रिक्वेन्सी वापरत नाही. दोन गोष्टी सांभाळा. एक, स्पर्धा भरवणाऱ्यांकडून लेखी परवानगी घ्या, साध्या पत्रावर चालेल, आणि ज्या स्पर्धेचे हक्क कुणी विकत घेतलेत तिच्या वाटेला जाऊ नका. दुसरं, मधे सिनेमाची गाणी वाजवू नका, त्याचे हक्क वेगळे असतात. हलगी वाजवा, ती आपली आहे.

सामान फार नाही. तोंडाजवळ धरायचा साधा डायनॅमिक माइक घ्या, कॉलर माइक मैदानावर वारा पकडतो. दुसरा एक माइक खांबाजवळ जमिनीलगत ठेवा म्हणजे पायांचा आणि खो चा आवाज येईल, त्याशिवाय ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही. दोन समालोचक आणि एक आकडे लिहिणारा, असे तिघं पाहिजेत, आकडेवाला सगळ्यात महत्त्वाचा. दर दोन मिनिटांनी स्कोअर सांगायचाच, मधेच लावणाऱ्याला दुसरं काही कळत नसतं. ताईंच्या मुलींची पुढची स्पर्धा कधी आहे ते कळवा, मिक्सर आणि वायरी मी घेऊन येतो, समालोचनाला ताई बसल्या तर दुसरं कुणी शोधायची गरज नाही.

मधली_पाटी

बसते की. पण माझ्या स्वतःच्या टीमच्या मॅचला नाही, त्या वेळी मी लाइनवर असते. उपांत्य फेरीच्या दुसऱ्या मॅचपासून धरा. खेळाडूंच्या नावांची आणि शाळांची यादी आदल्या दिवशी पाठवते, नावं नीट उच्चारा, बऱ्याच पोरी तेलुगू आणि कन्नड घरातल्या आहेत आणि नाव चुकलं की त्यांना फार लागतं.