सांधण, रतनगड आणि वाटाड्याची नजर : तुमचा अनुभव लिहा

मागच्या रविवारी भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावच्या एका वाटाड्या मामांसोबत सांधण दरीत, म्हणजे कातळातल्या अरुंद घळीत, गेले. याआधी दोनदा आमचे आम्हीच गेलो होतो, फोटो काढले आणि परत फिरलो. या वेळी मामा मध्येच थांबायचे. "इथं नगं पाय ठिवू ताई, त्यो धोंडा बोलतो." काठीने टेकून बघितलं तर खरंच डुगडुगला, टक् टक्. त्याच धोंड्यावर बसून मी मागच्या खेपेला पोहे खाल्ले होते! रतनगड-सांधण भागात गावच्या वाटाड्यासोबत एका दिवसाचं भटकून आलेल्यांनी लिहा. गाडीभाड्याची चर्चा नको, डोंगरात काय पाहिलंत ते सांगा.

*

नोव्हेंबरात सांधणला गेलो होतो. पहिल्या डोहात पाणी छातीइतकं, असं गावात सांगितलं होतं. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे इतरांची छाती म्हणजे माझा गळा. पाणी इतकं गार की तोंडून शिवीसुद्धा अर्धीच निघाली. वाटाड्यादादांनी सगळ्यांच्या सॅक डोक्यावरून पलीकडे नेल्या, वर मलाही दंडाला धरून ओढलं. पुढे दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, टेम्पोएवढे धोंडे आणि वर आभाळाची नुसती पट्टी. भर दुपारी हुडहुडी भरली होती.

*

मी भूगोल शिकवते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यातून हे डोंगर घडले, हे दरवर्षी फळ्यावर काढायचे. रतनवाडीहून अमृतेश्वराचं देऊळ बघून रतनगड चढताना आमचा वाटाड्या समोरच्या कड्याकडे हात करून म्हणाला, "भाकऱ्यांची चवड हाय बघा. मधली कच्ची ऱ्हायली की ती आधी झडती." माथ्यावरच्या नेढ्यात बसवून त्याने पुन्हा तेच समजावलं : आजूबाजूचा दगड टिकला, मधला वाऱ्यापावसाने गेला, म्हणून डोंगराला आरपार भोक. आता वर्गात मी चवडच सांगते. त्या भोकातून अलंग-मदन-कुलंग हे किल्ले दिसतात म्हणे. आम्हाला धुकं दिसलं. वारा मात्र असा की टोपी थेट खाली गेली.

*

आमचा अनुभव कडू आहे. शहरातल्या एका ग्रुपबरोबर गेलो, माणसं साठच्या वर आणि गावचा माणूस एकही नाही. रतनगडाच्या शिडीखाली दीड तास रांग. बास, एवढंच.

*

शिडीवरून आठवलं. माझी नऊ वर्षांची लेक निम्म्यात अडकली, वर जाईना की खाली येईना. मी खालून "घाबरू नकोस" चा जप करत होतो, त्याने ती आणखीच रडायला लागली. वाटाड्याकाका तिच्या मागोमाग चढले आणि म्हणाले, "माझं गणित कच्चंय, पायऱ्या मोज बरं." मोजत मोजत पोचली. उतरताना त्यांची एक पायरी चुकल्याचं तिनेच पकडलं.

*

नमस्कार. मी साम्रदचाच, लोकांना दरीत न्हेतो. पोरगी टाईप करून देतीय. धोंडा बोलतो ते खरं हाय. पावसाळ्यात दरीतून लोंढा येतो, धोंडे जागा सोडत्यात. मागल्या साली जिथं पाय ठिवला तिथं औंदा पोकळी असती. म्हणून पाऊस उघडला का आम्ही गावची दोघं-तिघं आधी जाऊन सगळी वाट चाचपून येतो, मग पाव्हणे. पावसाळ्यात कितीबी पैसं दिलं तरी न्हेत नाय. दरीत ऊन असलं तरी वर डोंगराला पाऊस लागला का पाणी येतं, आन् तिथं पळायला बाजू नाय. गारगोट्या कुणी उचलू नका, ठिवा जागच्या जागी. आन् त्या पाच फूट एक इंचवाल्या ताईंनी उन्हाळ्याच्या तोंडाला यावं. पाणी उतरल्यालं असतं.