मदत हवी आहे – लेकाच्या मित्राची पोलिसांनी झडती घेतली

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये असतो. परवा माझा 15 वर्षांचा लेक आणि त्याचा मित्र शाळेतून येत होते, पोलिसांनी थांबवलं, बॅग खिसे सगळं तपासलं पण फक्त मित्राचं, तो कृष्णवर्णीय आहे, आमच्या चिरंजीवांना नुसतं बाजूला उभं केलं. लोकसंख्येच्या मानाने इथे कृष्णवर्णीयांची झडती गोऱ्यांच्या साधारण 4 पट होते हे वाचलेलं, पण डोळ्यासमोर बघून पोरगं गप्पच झालंय. 1984 च्या पोलीस अधिकारांच्या कायद्याप्रमाणे (PACE) संशयाला ठोस कारण लागतं (1994 च्या दुसऱ्या कायद्यातलं सेक्शन 60, म्हणजे हिंसाचाराच्या भीतीने ठराविक भागात थोड्या वेळापुरती दिलेली झडतीची मुभा, लावलं असेल तर तेही नाही!) आणि झडतीची नोंद 3 महिन्यांच्या आत मागता येते. कोणी अशी तक्रार केलीय का? साक्षीदार म्हणून लेकाने काय काय लिहून ठेवावं?