स्क्रोल सॉ घेताना थ्रोट नंतर, आधी पातं बदलून बघा

पटाशी (धागाकर्ता)

घरच्या कार्यशाळेसाठी स्क्रोल सॉ (वरखाली चालणाऱ्या बारीक पात्याने लाकडात नक्षी कापणारं मशीन) घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "१६ इंची घेऊ की २० इंची?" हे माप थ्रोटचं, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराचं. माझ्या मते हा प्रश्न पहिला नाहीच. पहिला प्रश्न असा की, या मशीनवर पातं सोडून पुन्हा लावायला किती वेळ लागतो?

जाळीचं एक मध्यम पॅनल धरा, आत साठ आकार कापून काढायचे आहेत. प्रत्येक आकाराला ड्रिलने भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडायचं, भोकातून ओवायचं, परत पकडीत बसवायचं, ताण द्यायचा, मग कापायला सुरुवात. हे साठ वेळा. माझ्या पहिल्या मशीनला दर वेळी अ‍ॅलन की लागायची. कितीही हात बसला तरी एका भोकाला दीड मिनिट जायचंच. म्हणजे दीड तास नुसतं ओवण्यात. आत्ताच्या मशीनला अंगठ्याने फिरवायचा स्क्रू आणि वर ताणाचा खटका आहे, वीस सेकंदांत काम होतं. तेच पॅनल, तोच मी, पण ओवण्याचं काम वीस मिनिटांवर आलं. जाळीकाम अर्धवट सोडलेल्या ज्या लोकांशी बोललो, त्यांतले बहुतेक कापण्याला कंटाळले नव्हते, या ओवण्याला कंटाळले होते.

दुसरं, फक्त पिनची (टोकांना आडवी पिन असलेली) पाती घेणारं मशीन घेऊ नका. पिन आरपार जायला ५-६ मिमीचं भोक लागतं. बिनपिनचं ५ नंबरचं पातं जेमतेम १ मिमी रुंद असतं, त्याला दीड मिमीचं भोक पुरतं. नक्षीतली पाकळीच ४ मिमीची असेल तर पिनचं पातं घालणार कुठे?

तिसरी थरथर. मशीन चालू करून टेबलावर अर्धा पेला पाणी ठेवा. पाणी नुसतं शहारलं तर चालेल. पेला सरकायला लागला तर ते मशीन घेऊ नका.

कानस

पिनच्या मुद्द्यावर ठाम असहमत. तुम्ही जाळीकाम करणाऱ्याच्या नजरेने बघताय. घरी स्क्रोल सॉ घेणारे कितीतरी लोक लाकडी खेळणी, प्राण्यांचे आकार, जिगसॉ कोडी बनवतात. जिगसॉ कोड्यात आतलं भोक एकही नसतं, कडेकडूनच कापत जायचं. तिथे तुमच्या साठ भोकांचा हिशोब लागूच होत नाही.

शिवाय नवशिक्याला सगळ्यात जास्त काय छळतं? पकडीतून निसटणारं पातं. पिनचं पातं खाचेत बसलं की बसलं. मी मुलांना शिकवतो. पहिल्या दिवशी त्यांना लाकूड टेबलावर दाबून धरणं आणि पात्याला न रेटणं, एवढंच शिकायचं असतं. पातं घट्ट करण्याची कला तेव्हाच कशाला माथी मारायची?

पटाशी

@कानस, निसटण्याचा मुद्दा खरा आहे, पण तो पकडीचा नाही, तेलाचा आहे. नव्या पात्यांच्या टोकांना गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल असतं. टोकं बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासून घेतली की निसटणं जवळजवळ थांबतं. मुलांसाठी पिन चालेल, मान्य. पण मोठा माणूस आज कोडी करतोय म्हणून उद्या जाळी करणार नाही, हे कोणी सांगावं? दोन्ही प्रकारची पाती घेणारी मशीनं मिळतात, निदान तसं घ्या. बिनपिनच्या पात्यांचे नंबरही वाटेल तितके निवडता येतात. बारीक २/० पासून जाड १२ पर्यंत, उलट्या दातांची, एक दात सोडून असलेली. पिनमध्ये इतकी बारीक पाती मिळतच नाहीत.

रंधा

धाग्याच्या शीर्षकालाच माझा विरोध आहे. पकड नंतर बदलता येते. बऱ्याच जुन्या मशीनांना झटपट सुटणाऱ्या पकडी वेगळ्या विकत घेऊन बसवता येतात, मीही बसवल्या आहेत. थ्रोट मात्र नंतर एक इंचही वाढवता येत नाही. जी गोष्ट बदलता येणार नाही ती आधी बघायची, हे साधं गणित आहे.

मी भिंतीवरची मोठी घड्याळं बनवतो. आधी १६ इंची मशीन होतं. ते विकलं, कारण प्रत्येक मोठं काम दोन तुकड्यांत करून जोडावं लागायचं आणि सांधा काही केल्या लपत नव्हता.

पटाशी

@रंधा, १६ इंच थ्रोट म्हणजे कडेपासून १६ इंच आत. दुसऱ्या बाजूने घेतलं की ३२ इंच रुंद फळीच्या मध्यापर्यंत पोचता येतं. अगदीच अडलं तर स्पायरल पातं आहे, ते चहूबाजूंनी कापतं, फळी फिरवावीच लागत नाही.

रंधा

कागदावर पोचता येतं. पण स्क्रोल सॉवर आपण फळी ढकलत नाही, फिरवतो. २४ बाय २४ इंचाची फळी घ्या. मध्यापासून कोपरा जवळजवळ १७ इंचांवर येतो. म्हणजे ऐन मध्यावर कापत असतानासुद्धा १६ इंची मशीनमध्ये ती पूर्ण फिरत नाही, कोपरा मागच्या खांबावर आपटतो. मध्य सोडून बाजूला गेलात की आणखी लवकर अडतो. वळण अर्ध्यावर आलंय, पातं चालू आहे आणि लाकूड पुढे वळत नाही. अशा वेळी हात आपोआप जोर लावतो आणि पातं तुटतं.

स्पायरल पात्याने कड फाटल्यासारखी खरबरीत येते आणि चीर रुंद होते. दहा तास राबून केलेल्या कामावर ती कड मला चालत नाही.

गिरमिट

पाण्याच्या पेल्याबद्दल लिहायचं आहे. ही चाचणी दुकानात केली तर फसाल. तिथे मशीन बहुधा हलक्या टेबलावर नुसतं ठेवलेलं असतं. तेच मशीन जड बाकाला बोल्ट मारून, खाली रबरी चटई घालून चालवलं तर वेगळंच वागतं. मी एक मशीन थरथरतं म्हणून परत करायला निघालो होतो. स्टँडचे पाय घट्ट केले, खालच्या फळीवर वाळूची पिशवी ठेवली आणि विषय संपला.

दुसरं, एकाच वेगावर तपासू नका. वेग मिनिटाला साधारण ४०० ते १८०० ठोक्यांपर्यंत बदलता येतो. काही मशीनं ८०० ला शांत असतात, ११०० ला थडथडतात आणि १४०० ला पुन्हा शांत होतात. चकती सावकाश फिरवत पूर्ण टप्पा ऐका. आणि वेग बदलता न येणारं मशीन कितीही चांगलं दिसलं तरी घेऊ नका. पातळ प्लायवूड आणि पितळी पत्रा एकाच वेगाने कापता येत नाही.

हातकरवत

सगळ्यांनाच एक विनंती. मशीनच्या आधी दोन महिने हाताची फ्रेट सॉ (चौकटीत बारीक पातं ताणून बसवलेली करवत) आणि व्ही आकाराची खाच असलेली फळी वापरा. पाती तीच बिनपिनची लागतात. पात्याला एका बाजूला ओढ का असते, लाकडाच्या रेषांत ते का भरकटतं, हे हाताला कळतं. मग कुठलं मशीन हवंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

गिरमिट

+१. मात्र १८ मिमी जाड लाकूड हाताने कापायला सांगू नका, माणूस छंदच सोडेल.

भुसा

तिरक्या कापाबद्दल कोणीच बोललं नाही. मी जडावकाम करतो. दोन रंगांची लाकडं एकावर एक ठेवून काही अंशांच्या कोनात कापली की तुकडा फटीशिवाय बसतो. बहुतेक मशीनांत यासाठी टेबल तिरकं होतं आणि काम उतारावरून घसरत राहतं. एक्सकॅलिबरसारख्या मशीनमध्ये टेबल सपाट राहतं आणि वरचा भाग कलतो. हा फरक माझ्यासाठी थ्रोट आणि पकड दोन्हींपेक्षा मोठा आहे. सरळच कापणार असाल तर यासाठी जास्त पैसे घालू नका.

पटाशी

@रंधा, कोपऱ्याचा हिशोब मी कधी केला नव्हता. आत्ता मशीनपाशी जाऊन फळी लावून बघितली, अडते. माझी कामं बहुतेक फूटभराच्या आतली, म्हणून सात वर्षांत कधी जाणवलं नाही. तुमच्यासारख्या कामाला २० इंच लागणार, मान्य. पण कामं लहान असतील तर पकडच आधी बघावी, यावर मी ठाम आहे. वेगळ्या पकडी बसवता येतात, पण ताणाचा खटका मागच्या टोकाला असेल तर दर भोकाला हात लांब करून मागे जावंच लागतं. तो नंतर पुढे आणता येत नाही.

रंधा

खटक्याचं पटलं, तो पुढेच हवा. आकाराचं मात्र कोणी सांगितलं म्हणून ठरवू नका. तुम्हाला करायचं असलेलं सगळ्यात मोठं काम पुठ्ठ्यावर खऱ्या मापात कापा, तो पुठ्ठा घेऊन दुकानात जा आणि बंद मशीनवर पात्याभोवती पूर्ण फिरवून बघा.