काश्मिरी गालिचा हातविणीचा आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न: दुकानात काश्मिरी म्हणून दाखवलेल्या दोन गालिच्यांची नक्षी मला सारखीच वाटली, पण किमतीत मोठी तफावत होती. खरी हातविणीची गाठ कशी ओळखावी?

उत्तर १: गालिचा उलटा करून पाहावा. गाठींच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट उमटते आणि टोकांची झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे मागावरचे उभे, धागे असतात. मागे कापड चिकटवलेले आणि झालर वेगळी शिवलेली असेल, तर तो बहुधा यंत्राने कापडात लोकर टोचून केलेला टफ्टेड गालिचा असतो.

उत्तर २: वरील उत्तराला थोडी जोड देतो. काश्मिरात प्रामुख्याने इराणी गाठ वापरतात. तीत धागा ताण्याच्या एका दोऱ्याला पूर्ण वेढा घालतो आणि शेजारच्या दोऱ्यामागून नुसताच जातो, तर तुर्की गाठीत तो दोन्ही दोऱ्यांना वेढून मधून वर येतो. इराणी गाठीमुळे बारीक, वळणदार वेलबुट्टी साधते. नक्षी मात्र चित्र पाहून विणत नाहीत. 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत कोणत्या रंगाच्या किती गाठी घालायच्या हे लिहिलेले असते आणि ते वाचत विणकर ओळ पुरी करतात. शालींच्या विणकामातून आलेली ही पद्धत मला तरी गाठीपेक्षाही विलक्षण वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग दरीला, म्हणजे सतरंजीला, गाठी असतात का?

उत्तर २: नाही. दरी ताण्याबाण्यानेच विणतात आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, धातूच्या पंज्याने ठोकून घट्ट बसवतात.